कंट्रोलच्या उंदरांना काय टोचलं होतं?

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी माझ्याकडे एक आलेख होता. त्यात दोनच खांब होते, डावीकडचा उंच आणि उजवीकडचा अगदी बुटका. डावीकडे पॅरासिटामॉलचा मोठा डोस दिलेले उंदीर. उजवीकडे तोच डोस दिलेले, पण त्याआधी अर्धा तास आमचं एक नवं संयुग टोचलेले उंदीर. खांबांची उंची म्हणजे रक्तातलं एएलटी. भारतातल्या रिपोर्टवर हेच 'एसजीपीटी' म्हणून छापलेलं असतं. यकृताच्या पेशी फुटल्या की हे एन्झाइम रक्तात सांडतं. डावीकडे काही हजार युनिट, उजवीकडे जवळजवळ नॉर्मल.

लॅब मीटिंगमध्ये हा आलेख दाखवला तेव्हा आमचे प्रोफेसर खुर्चीत पुढे सरकून बसले. वार्षिक परिषदेसाठी गोषवारा पाठवायचं त्याच दिवशी ठरलं. रात्री आईला फोनवर सांगितलं, "यकृत वाचवणारं काहीतरी सापडलंय बहुतेक." आई म्हणाली, "मग आता संपेल ना शिक्षण?"

दहा-बारा दिवसांनी आमच्याच लॅबमधली एक पोस्टडॉक सिंकवर काचसामान धूत होती. नायजेरियाहून आलेली, माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी, बोलायला अगदी कमी. तिने मान वर न करता विचारलं, "तुझ्या कंट्रोलच्या उंदरांना काय टोचलं होतंस?"

"सलाइन."

"आणि तुझं संयुग कशात विरघळवलंस?"

"डीएमएसओमध्ये. पाण्यात विरघळतच नाही ते."

तिने नळ बंद केला आणि हात पुसले. ती एवढंच म्हणाली, "मग तुला अजून एक गट लागेल."

फार्माकॉलॉजी आणि टॉक्सिकॉलॉजी, म्हणजे औषध शरीरात काय करतं आणि विष काय करतं, या दोन विषयांचं (खरं तर एकाच विषयाच्या दोन टोकांचं) संशोधन-शिक्षण कसं असतं, असं इथे येऊ पाहणारे विद्यार्थी मला बरेचदा विचारतात. अभ्यासक्रमाची यादी कुठल्याही विद्यापीठाच्या साइटवर मिळते. तो एक जादाचा गट का लागला, हे मात्र तिथे मिळत नाही, म्हणून त्याबद्दल लिहिते आहे.

आधी पॅरासिटामॉल. क्रोसिन म्हणा, डोलो म्हणा, इथे अमेरिकेत टायलेनॉल म्हणा, औषध तेच. इथले लोक त्याला असिटामिनोफेन म्हणतात. नेहमीच्या डोसला यकृत त्याची सोय अगदी सहज लावतं. बहुतेक रेणूंना ग्लुक्युरॉनिक आम्लाची नाही तर सल्फेटची एक शेपटी चिकटवली जाते आणि ते लघवीवाटे बाहेर पडतात. एक छोटासा हिस्सा, साधारण पाच-दहा टक्के, वेगळ्या वाटेने जातो. ही वाट सायटोक्रोम पी-450 नावाच्या एन्झाइम-कुटुंबाची, त्यातही मुख्यतः सीवायपी-2ई1 या सदस्याची. या वाटेवर पॅरासिटामॉलचं एक अत्यंत चिडखोर रूप तयार होतं. त्याचं नाव नॅपक्वी. हे समोर येईल त्या प्रथिनाला चिकटू पाहतं. पण यकृतात ग्लुटाथायोन नावाचा एक छोटा, गंधकयुक्त रेणू मुबलक असतो. तो स्वतः नॅपक्वीला चिकटून त्याला निकामी करतो, आणि आपल्याला कळतही नाही.

डोस फार मोठा झाला की शेपट्या चिकटवणारी यंत्रणा तुंबते. जास्त माल दुसऱ्या वाटेकडे वळतो, ग्लुटाथायोनची शिल्लक संपते आणि नॅपक्वी प्रथिनांना, विशेषतः पेशीतल्या मायटोकाँड्रियाच्या प्रथिनांना, चिकटायला लागतं. पेशी मरतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते फार ठळक दिसतं. यकृताच्या प्रत्येक लहान षटकोनी भागात मधल्या शिरेभोवती फिकट, मेलेल्या पेशींचं कडं असतं आणि कडेच्या पेशी धडधाकट असतात. कारण सीवायपी-2ई1 मधल्या शिरेभोवतीच्या पेशींत जास्त असतं. विष जिथे तयार होतं तिथेच ते मारतं.

अमेरिकेत अचानक यकृत निकामी होण्याच्या जवळपास निम्म्या घटनांच्या मुळाशी हेच एक औषध आहे. त्यातल्या पुष्कळ लोकांनी ते मुद्दाम घेतलेलं नसतं. सर्दीच्या गोळीत थोडं, पाठदुखीच्या गोळीत थोडं, शिवाय झोपताना वेगळी गोळी, असं करत बेरीज होते. 2011 मध्ये एफडीएने डॉक्टरी चिठ्ठीवर मिळणाऱ्या मिश्र गोळ्यांमधलं प्रमाण गोळीमागे 325 मिलिग्रॅमवर आणायला सांगितलं, ते त्यामुळेच. जाता जाता एक गोष्ट सांगून ठेवते. जास्त डोस गेल्यावर पहिला दिवस माणूस बरा दिसू शकतो, फार तर मळमळ होते. 'बघू, उद्यापर्यंत काही झालं तर जाऊ' असं इथे चालत नाही, लगेच दवाखाना गाठायचा. यावर उतारा आहे, एन-असिटिलसिस्टीन. एडिंबरामध्ये लॉरी प्रेस्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970च्या दशकात तो शिरेतून देऊन दाखवला. तो ग्लुटाथायोनचा साठा भरून काढतो आणि पहिल्या आठ तासांत दिला तर सगळ्यात चांगलं काम करतो.

आता माझ्या बुटक्या खांबाकडे परत येऊ. तो बुटका असण्याची दोन अगदी वेगळी कारणं असू शकतात. पहिलं, माझ्या संयुगाने विषाचा घाव बसल्यावर पेशींना वाचवलं. दुसरं, घाव बसलाच नाही, कारण नॅपक्वी तयारच झालं नाही. दोन्ही ठिकाणी एएलटी कमीच दिसणार. पहिलं असेल तर कदाचित औषध, दुसरं असेल तर दवाखान्यात काडीचा उपयोग नाही. रुग्ण येतो तो गोळ्या गिळून कित्येक तासांनी, तोवर बरंचसं नॅपक्वी तयार होऊन गेलेलं असतं.

आणि डीएमएसओ, म्हणजे डायमिथाइल सल्फॉक्साइड, हे प्रत्येक लॅबच्या कपाटात असणारं द्रावक, पाण्यात न विरघळणारं जवळजवळ काहीही विरघळवतं. त्याची आणखी एक सवय आहे. ते सीवायपी-2ई1चं काम रोखतं. अगदी थोड्या प्रमाणातही. म्हणजे माझ्या डावीकडच्या उंदरांची विष तयार करणारी भट्टी चालू होती आणि उजवीकडच्यांची मी स्वतःच विझवली होती. ही काही गुप्त माहिती नव्हती. शोधनिबंधांत ती कित्येक वर्षांपासून होती.

मग तो जादाचा गट केला. सलाइन, नुसतं डीएमएसओ, डीएमएसओमधलं संयुग, आणि चौथ्या गटात तेच संयुग दुसऱ्या एका निरुपद्रवी द्रावकात कसंबसं तरंगत ठेवलेलं. सगळ्यांना रात्रभर उपाशी ठेवून सकाळी पॅरासिटामॉल, किलोमागे 300 मिलिग्रॅम. प्रत्येक गटातल्या निम्म्या उंदरांचं यकृत तासाभरातच काढून ग्लुटाथायोन मोजलं. उरलेल्यांचं एएलटी दुसऱ्या दिवशी सकाळी. तासाभराचं मोजमाप हा या प्रयोगाचा खरा कणा आहे. विष नेहमीसारखं तयार झालं असेल तर एवढ्या वेळात ग्लुटाथायोन जवळजवळ संपलेलं असायला हवं, मग पुढे पेशी वाचोत की मरोत. ते संपलेलं नसेल तर घाव बसलेलाच नाही.

नुसत्या डीएमएसओचा खांब संयुगाच्या खांबाइतकाच बुटका आला. दोन्ही गटांत तासाभराचं ग्लुटाथायोन फारसं उतरलंच नव्हतं. चौथा गट सलाइनच्या गटाइतकाच उंच. आमचं संयुग काहीही करत नव्हतं.

गोषवारा परत घेतला. त्यासाठी एक ओळीचा ईमेल पुरतो, तो लिहायला मला एक अख्खी संध्याकाळ लागली. प्रोफेसर रागावले नाहीत. ते म्हणाले, छापल्यानंतर कळण्यापेक्षा हे बरं. पण पुढचे काही आठवडे ते माझ्या प्रत्येक आलेखाखालची बारीक अक्षरं वाचायचे, आणि ते मला रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

याहून जास्त लागलेली एक गोष्ट आहे. हे सगळं मला येत होतं. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी इथे पात्रता परीक्षा असते. पाच प्राध्यापक, एक फळा आणि दोन-तीन तास. ती पास झाल्याशिवाय तुम्ही पीएचडीचे 'उमेदवार' होत नाही. त्या परीक्षेत मला 1973चे पॅरासिटामॉलवरचे शोधनिबंध विचारले होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत, म्हणजे एनआयएचमध्ये, बर्नार्ड ब्रॉडी आणि जेम्स जिलेट यांच्या गटात जेरी मिचेल, डेव्हिड जोलो आणि सहकाऱ्यांनी पॅरासिटामॉल यकृत कसं मारतं याचा उलगडा केला, तो एकामागून एक आलेल्या निबंधांत. त्यांची युक्ती साधी होती. काही उंदरांना आधी फिनोबार्बिटल दिलं, त्याने यकृतातली पी-450 एन्झाइमं वाढतात. या उंदरांचं यकृत जास्त मेलं. दुसऱ्यांना पायपरोनिल ब्युटॉक्साइड दिलं, ते या एन्झाइमांना रोखतं (कीटकनाशकांच्या फवाऱ्यात जोडीला घालतात तेच). यांचं यकृत वाचलं. म्हणजे मारतं ते पॅरासिटामॉल नाही, यकृताने त्याचं केलेलं काहीतरी मारतं. आज आपण जे गृहीत धरतो ते असं सापडलं.

हे मी फळ्यावर खडूने काढून दाखवलं होतं. शाबासकीही मिळाली होती. आणि सात-आठ महिन्यांनी तोच प्रयोग, पायपरोनिल ब्युटॉक्साइडऐवजी डीएमएसओ घेऊन, मी नकळत केला आणि त्याला 'नवं औषध' म्हटलं. फळ्यावरचं ज्ञान हातात उतरायला मधे काहीतरी लागतं. माझ्या बाबतीत ते सिंकवर काचसामान धूत होतं.

इथे एनआयएचच्या पैशावर शिकणाऱ्याला 'संशोधनातलं सचोटीचं वर्तन' हा विषय किमान आठ तास प्रत्यक्ष बसून शिकावा लागतो. मीही बसले. आकडे खोटे लिहू नका, चित्रं बदलू नका, दुसऱ्याचं उचलू नका. सगळं बरोबर आहे. पण मी खोटं काहीच केलं नव्हतं. आमच्या लॅबच्या वहीत पॅरासिटामॉलच्या गटाला सलाइनच लिहिलेलं होतं, कारण पॅरासिटामॉल कोमट सलाइनमध्ये विरघळतं आणि आजवर तेवढंच लागत आलं होतं. माझं संयुग आलं तेव्हा ती ओळ बदलायला हवी होती. मी ती तशीच उतरवून घेतली. माझ्या पाहण्यात तरी लबाडीपेक्षा असं उतरवून घेतल्यामुळे चुकलेले प्रयोग कितीतरी जास्त आहेत.

ब्रॉडींचं नाव आलंच आहे, तर त्यांच्या एका सहकाऱ्याबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. ज्युलियस ॲक्सेलरॉड. न्यूयॉर्कच्या एका तपासणी प्रयोगशाळेत जीवनसत्त्वांची मोजमापं करणारा केमिस्ट. शिक्षण मास्टर्सपर्यंत. 1946 मध्ये तो गोल्डवॉटर मेमोरियल हॉस्पिटलमध्ये ब्रॉडींकडे एक प्रश्न घेऊन गेला. असिटॅनिलाइड नावाच्या तेव्हाच्या वेदनाशामकाने काही लोकांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन बिघडायचं, ते कशाने? दोघांनी लघवीत आणि रक्तात काय काय सापडतं ते मोजलं. 1948 मध्ये त्यांनी दाखवलं की रक्त बिघडवतं ते शरीरात तयार होणारं ॲनिलिन, आणि दुखणं कमी करतं ते शरीरातच तयार होणारं दुसरं रूप. ते दुसरं रूप म्हणजे पॅरासिटामॉल. ते रसायन म्हणून आधीपासून माहीत होतं, पण औषध म्हणून त्याला मान मिळाला तो या कामानंतर.

पुढे एनआयएचमध्ये ॲक्सेलरॉडने यकृतातलं, औषधांची मोडतोड करणारं एन्झाइम शोधलं, ऑक्सिजन वापरणारं, पेशीच्या मायक्रोसोम नावाच्या भागात असणारं. आज आपण ज्याला पी-450 म्हणतो त्या कुटुंबाची ही पहिली ओळख. याच शोधाच्या श्रेयावरून त्याचं आणि ब्रॉडींचं बिनसलं. डॉक्टरेट नसलेल्या माणसाचं नाव मागे पडणं किती सोपं असतं हे त्याला कळलं, आणि 1955 मध्ये, चाळिशी उलटल्यावर, त्याने पीएचडी घेतली. 1970 मध्ये नोबेल मिळालं, तेही मज्जातंतूंतल्या रसायनांवरच्या वेगळ्याच कामासाठी. रॉबर्ट कॅनिगेल यांचं 'अप्रेंटिस टू जीनियस' हे पुस्तक याच गुरुपरंपरेवर आहे. ब्रॉडींकडून ॲक्सेलरॉड, ॲक्सेलरॉडकडून सॉलोमन स्नायडर, स्नायडरकडून कँडेस पर्ट. पर्टने विद्यार्थिनी असताना जॉन्स हॉपकिन्समध्ये अफूजन्य औषधांचा रिसेप्टर दाखवणारं काम केलं. 1978च्या लास्कर पुरस्कारात स्नायडर होते, ती नव्हती. तिने उघडपणे तक्रार केली. घराणं तेच, आणि भांडणही तेच.

हे मी इथे येणाऱ्या मुलांना मुद्दाम सांगते. आपल्याकडे गाण्यातल्या घराण्यांचं कौतुक आहे तसं इथे लॅबच्या घराण्यांचं आहे, 'कोणाच्या लॅबमधून आलीस' हा पहिला प्रश्न असतो. पण या घराण्यांत रोजचा रियाज करून घेणारा माणूस बहुधा वेगळाच असतो, आणि त्याचं नाव निबंधाच्या शेवटच्या जागी येत नाही. माझ्या पोस्टडॉक मैत्रिणीचं कंत्राट दर वर्षी नव्याने व्हायचं. मला शिकवणं हे तिच्या कामाच्या वर्णनात कुठेही नव्हतं. तिने त्या जादा गटाचं ग्लुटाथायोन माझ्या शेजारी उभं राहून मोजून घेतलं, त्या दिवशी तिच्या स्वतःच्या फेलोशिप-अर्जाची मुदत चार दिवसांवर होती. पेपर झाला नाही, त्यामुळे तिचं नाव कुठे लागलंही नाही.

आता थोडं व्यवहाराचं, कारण याबद्दलच सगळ्यात जास्त ईमेल येतात. फार्माकॉलॉजी किंवा टॉक्सिकॉलॉजीची पीएचडी इथे साधारण पाच ते सहा वर्षांची. फी सहसा माफ असते आणि महिन्याला विद्यावेतन मिळतं. ज्या विज्ञानाच्या पीएचडीत उलट तुमच्याकडेच पैसे मागतात, तिथे जाण्याआधी दहा वेळा विचार करा. पहिल्या वर्षी वर्गातले विषय आणि दोन-तीन लॅबमध्ये काही आठवड्यांची रोटेशनं. रोटेशन म्हणजे दोन्ही बाजूंनी केलेलं स्थळ बघणं. प्रोफेसर किती मोठे हे बघायला गूगल आहे. रोटेशनमध्ये बघायचं ते, एखादा प्रयोग फसला तर लॅब मीटिंगमध्ये तो सांगता येतो का. आणि लॅबमध्ये एखादी मोकळ्या मनाची पोस्टडॉक आहे का.

एनआयएचच्या 'ट्रेनिंग ग्रँट' नावाच्या विभागवार शिष्यवृत्त्या आणि विद्यार्थ्यांच्या वैयक्तिक फेलोशिप, इथल्या भाषेत टी-32 आणि एफ-31, या फक्त नागरिक आणि ग्रीनकार्डधारकांसाठी आहेत. विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांचा पगार प्रोफेसरांच्या संशोधन-निधीतून किंवा विभागाकडून येतो. याचा परिणाम फक्त पैशापुरता नसतो. ज्याची फेलोशिप स्वतःची, त्याला प्रश्न निवडायची थोडी मोकळीक असते. ज्याचा पगार ग्रँटमधून, त्याला ग्रँटमधला प्रश्न. पोस्टडॉकच्या टप्प्यावर के-99 नावाचं एक अनुदान मात्र आपल्यालाही खुलं आहे, आणि पोस्टडॉकच्या पहिल्या चार वर्षांतच त्याचा अर्ज करावा लागतो. मला हे तिसऱ्या वर्षाच्या शेवटी कळलं. तुम्हाला आज कळलंय, तारीख लिहून ठेवा. विद्यापीठात राहायचं नसेल तरी हे शिक्षण वाया जात नाही. औषध कंपन्यांत आणि सरकारी नियामक संस्थांत, नवं औषध माणसाला देण्याआधी 'हे प्राण्यात कुठे आणि कितीला बाधलं' हे वाचू शकणारी माणसं लागतातच. तिथेही कामाचा पहिला प्रश्न हाच असतो, कंट्रोलला काय दिलं होतं?

आता हे सगळं लिहिण्याचं खरं कारण. त्या गोषवाऱ्यानंतर काही महिन्यांनी मी माझा एम.फार्म.चा प्रबंध काढून वाचला. मराठवाड्यातलं एक फार्मसी कॉलेज, भुईआवळ्याचा अर्क, आणि विषय तोच, पॅरासिटामॉलने बिघडलेलं यकृत. भुईआवळा आपल्याकडे काविळीवर देतात, तेव्हा निवड उघड होती. सहा-सहा रॅटचे पाच गट. एकाला सिलिमरिन, दोघांना अर्काचे दोन डोस, सात दिवस आधीपासून. सातव्या दिवशी पॅरासिटामॉल तोंडावाटे, किलोमागे दोन ग्रॅम. मग एसजीपीटी, एसजीओटी, बिलिरुबिन. अर्काचे खांब बुटके आले, 'यकृतरक्षक गुणधर्म सिद्ध' असं लिहिलं, तोंडी परीक्षा झाली, पेढे वाटले.

मराठीत आपण माऊसलाही उंदीर म्हणतो आणि रॅटलाही. पॅरासिटामॉलला मात्र फरक कळतो. माऊसचं यकृत बरंचसं माणसासारखं बिघडतं. रॅट या विषाला चांगलाच दाद देत नाही. किलोमागे दोन ग्रॅम देऊनही त्याचं एसजीपीटी फार तर काही पटींनी वाढतं. माझ्या प्रबंधातला 'उंच' खांब तसा बुटकाच होता, मी आलेखाचं माप त्याला साजेसं घेतलं होतं. शिवाय अर्क सात दिवस आधीपासून. वनस्पतींच्या अर्कात पन्नास रसायनं असतात, त्यातलं एखादं पी-450ला रोखत असेल तर आधीपासून दिल्यावर खांब बुटका होणारच. ग्लुटाथायोन मी मोजलं होतं, पण चोवीस तासांनी. तोवर ते ज्याचं त्याचं भरून आलेलं असतं, त्यावरून सुरुवातीला काय झालं ते कळत नाही. भुईआवळा काही करत नाही असं मी म्हणत नाही. करतो की नाही हे माझ्या प्रबंधावरून सांगता येत नाही, एवढंच. या धर्तीचे शेकडो निबंध छापलेले आहेत, आणि त्यातल्या पुष्कळांबद्दल हेच म्हणावं लागेल.

हे 'तिकडचं चांगलं, इकडचं वाईट' असं नाही. मुंबईत केईएममध्ये डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळवेलीसारख्या वनस्पतीवर प्राण्यांपासून ते काविळीच्या रुग्णांपर्यंत शिस्तीने काम केलं, ते मी विद्यार्थी होण्याच्या कितीतरी आधी. (मराठी वाचकांना त्या झाडाफुलांवरच्या लेखनामुळे जास्त माहीत असतील.) आणि माझ्या प्रबंधात एक गोष्ट अगदी बिनचूक होती. अर्क पाण्यात मिसळत नव्हता म्हणून तो सीएमसीच्या, म्हणजे खळीसारख्या एका पातळ द्रावात मिसळून पाजायचो. सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "ज्यात औषध, तेच कंट्रोलला. रोज. तेवढंच. त्याच वेळेला." मला ते तेव्हा उगीच वाटायचं. औषध नसलेली नुसती खळी सहा रॅटना सात दिवस कशाला पाजायची? एके दिवशी कंटाळा करून मी ती चुकवली, तर त्यांनी सगळा आठवडा पुन्हा करायला लावला होता.

म्हणजे अमेरिकेत तिसऱ्या वर्षी मी जे विसरले ते मला मराठवाड्यात शिकवलेलं होतं.

हे कळल्यावर सरांना ईमेल लिहावी की नाही यावर मी बरेच दिवस घालवले. त्यांच्याकडे दर वर्षी आठ-दहा विद्यार्थी, प्रत्येकाला प्रयोगासाठी जेमतेम सहा महिने, माऊस मागवायचे तर खर्च वाढणार आणि प्राणी-नीती समितीची परवानगी नव्याने घ्यावी लागणार. शिवाय आपल्या सरांना 'तुम्ही दिलेला विषय चुकला' असं कसं लिहायचं? शेवटी मी माझ्या डीएमएसओची सगळी गोष्ट लिहिली, त्यांच्या खळीच्या नियमासकट. रॅट, सात दिवस आधी आणि चोवीस तासांचं ग्लुटाथायोन हे तीन मुद्दे खाली जोडले. एवढं सगळं जमणार नसेल तर निदान एकच करा असं लिहिलं. अर्क पॅरासिटामॉलच्या आधी नाही तर दीड-दोन तासांनी द्या, आणि दोन-चार जास्तीच्या प्राण्यांत तासाभराचं ग्लुटाथायोन बघा.

तीन आठवडे उत्तर नाही. मी मनातल्या मनात पुष्कळ काही समजून घेतलं.

मग एके दिवशी पहाटे, म्हणजे तिकडच्या दुपारी, फोन वाजला. सरच होते. हवापाण्याची चौकशी नाही, ईमेलचा उल्लेख नाही. पाठीमागे काचसामान वाजत होतं. म्हणाले, "अगं, ग्लुटाथायोनसाठी ते डीटीएनबी मागवलंय. द्रावण पिवळं दिसतंय आधीच, अजून यकृताचा नमुना घातलेलासुद्धा नाही. पोरगी म्हणते काल बनवलं होतं. चालेल का?"

"नाही सर," मी म्हटलं, "ते टाकून द्या. ताजं बनवायला सांगा, आणि नमुन्याशिवायची एक नळी सोबत ठेवायला."

"ती तर आहेच," सर म्हणाले.